दुहेरी वगळू नये

क्रीडामहोत्सवात वेळ पुरत नाही म्हणून बॅडमिंटनचे दुहेरी सामने वगळावेत, अशी सूचना पालकसभेत आली आहे. वेळेची अडचण खरी आहे; पण हा उपाय आम्हांस मान्य नाही.

पुण्याजवळ बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात, २०२१चा अपवाद सोडता, पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा भरत असे. एकेरीचे विजेतेपद भारतीयाला तेथे एकदाही मिळाले नाही. दुहेरीचे दोनदा मिळाले : २०१९ साली रोहन बोपण्णा व दिविज शरण यांना, आणि २०२२ साली बोपण्णा व रामकुमार रामनाथन यांना. त्या वेळी बोपण्णा ४१ वर्षांचा, तर रामकुमार २७ वर्षांचा. अंतिम सामन्यात पहिला सेट त्यांनी टायब्रेकमध्ये गमावला, दुसरा ६-३ असा जिंकला आणि मग निर्णायक टायब्रेक १०-६ असा घेतला.

हा निर्णायक टायब्रेक म्हणजे वेळ वाचवण्याचीच युक्ती. अशा स्पर्धांच्या दुहेरीत २००६ पासून तिसऱ्या सेटऐवजी तो खेळतात; जो आधी दहा गुण मिळवील आणि दोन गुणांनी पुढे असेल, तो जिंकला. ४०-४० झाले की एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो. म्हणजे वेळेची अडचण तिथेही होती. त्यांनी सामना आखूड केला, काढून टाकला नाही. आपणही तिसरा गेम अकरा गुणांचा ठेवू शकतो.

दुहेरीत दुबळ्या मुलांचीही वर्णी लागते, असे एका पालकांचे म्हणणे. त्यांनी हा खेळ जरा जवळून पाहावा. जोडीदार सर्व्हिस करीत असता नेटपाशी उभा असलेला खेळाडू पाठीमागे हाताने खूण करतो, आणि पुढच्या क्षणी कोणी कुठे धावायचे ते ठरते. जोडीदाराच्या चुकीचा गुण आपल्याही खात्यावर जातो. तोंड वाकडे करून भागत नाही, पुढची सर्व्हिस लगेच घ्यावी लागते. एकेरीतले आपले काही पदकवीर येथे पार गडबडतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो!

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, यंदा दुहेरी ठेवावीच, आणि आठवीचा एक व दहावीचा एक अशा जोड्या चिठ्ठ्या टाकून लावाव्यात. मैत्रीच्या जोड्या मुले एरवी लावतातच.