कावीळ, काटेरी बी आणि कोप्यांचं पाणी



माणूस पिवळा पडला की आपल्या घरात दोन मतं होतात. जुनी मंडळी बांधावरची भुईआवळी उपटून, वाटून दुधातून देतात. शिकलेली पोरं तालुक्याच्या मेडिकलमधून लिव्हरच्या गोळ्या आणतात. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत असतं : "औषध चालू झालं, आता काळजी नाही." या वाक्याबद्दलच मला चार शब्द लिहायचे आहेत.

आधी गोळ्यांचं बघू. त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांत सिलिमरिन असतं. मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाच्या बियांचा हा अर्क. झाड आपल्या उंटकटाऱ्याच्या कुळातलं. फूल जांभळं, पानावर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या शिरा. मूळ ते भूमध्य समुद्राकाठचं. युरोपात लिव्हरच्या दुखण्यावर हे बी शेकडो वर्षं वापरात आहे. विषारी अळंबी खाल्लेल्या रोग्याला तिकडच्या दवाखान्यांत याच बियांतल्या द्रव्याचं इंजेक्शन देतात. तेव्हा वनस्पती थोतांड नव्हे. पण अळंबीचं विष वेगळं आणि विषाणूची कावीळ वेगळी. अमेरिकेत 'सी' प्रकारच्या जुनाट काविळीच्या १५४ रोग्यांवर परीक्षा घेतली. २०१२ साली निकाल छापून आला : सिलिमरिनचा गुण दिखाऊ गोळीपेक्षा जास्त आला नाही.

भुईआवळीचंही तसंच झालं. १९८८ साली मद्रासच्या डॉक्टरांनी 'बी' विषाणू अंगात असलेल्या लोकांना ती महिनाभर दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण गेली. दिखाऊ औषध घेणाऱ्या २३ पैकी एकाचीच गेली. जगभर गाजावाजा झाला. पण पुढं इतर ठिकाणी करून बघितलं तेव्हा तसा गुण दिसला नाही. 'बी'पासून खात्रीचा बचाव म्हणजे लस. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत ती टोचून घ्यावी.

कुणी म्हणेल, "अहो, आमच्या आज्यापासून पाल्यानं गुण येतोय, तो काय खोटा?" गुण खरा, पण तो कुणामुळं आला? आपल्याकडं साथीत येणारी कावीळ बहुतेक 'ए' नाहीतर 'ई' प्रकारची. ती घाण पाण्यातून येते आणि दोन ते सहा आठवड्यांत बहुतेकांची आपोआप उतरते. पाला दिला, माळ घातली, नाहीतर काहीच केलं नाही, तरी उतरते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि मान कावळ्याला मिळतो.

आपल्या धंद्यातलंच घ्या. कावीळ झाली की उसाचा रस पाजतात. रसातली साखर अंगाला ताकद देते, यात खोटं नाही. पण रसवंतीत ग्लास कुठल्या पाण्यात विसळला, बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कोण विचारतो? रोगी ज्या घाणीनं पडला तीच घाण रसातून दुसऱ्याच्या पोटात जाते.

"आपोआप उतरते तर मग बिघडलं काय?" बिघडतं ते गरोदर बाईचं. 'ई' प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. तिला पाल्यावर चार दिवस ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. गरोदर बाई पिवळी दिसली की त्याच दिवशी दवाखाना. कुणाही रोग्याला झापड आली, तो असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात, कुठून रक्त येऊ लागलं, तरीही तेच. आणि रोज हातभट्टीची घेऊन वर लिव्हरची गोळी खाणाऱ्याला कुठलंच बी तारणार नाही.

पाण्याची किंमत काय असते ते दिल्लीनं १९५५-५६ साली बघितलं. यमुनेचं पाणी उचलण्याच्या जागी गटाराचं पाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती 'ई' प्रकारची होती हे पुढं पुण्याच्या विषाणू संस्थेनं जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून ताडलं. दूर कशाला, २०१२ साली इचलकरंजीत हीच कावीळ पसरली आणि माणसं गेली.

आता आपल्या कोप्यांकडं बघा. तोडकरी बाई दिवस भरत आले तरी मोळ्या वाहते, पाणी पिते पाटाचं नाहीतर जवळच्या ओढ्याचं. संडास नाही, त्यामुळं सगळा कारभार त्याच ओढ्याकाठी. तिथं कावीळ आल्यावर गोळ्या वाटणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रत्येक तळावर शुद्ध पाण्याचा टँकर आणि संडास ही कारखान्याची जबाबदारी मानावी, आणि त्याचा खर्च वार्षिक सभेत वेगळा दाखवावा. ज्याच्या शेतात टोळी उतरते त्या सभासदानं आपल्या विहिरीवर टीसीएल टाकून ते पाणी त्यांना भरू द्यावं. टोळीत गरोदर बाया किती, याची नोंद मुकादमाकडून गट ऑफिसनं घ्यावी आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावी. घरी साथीच्या दिवसांत पाणी उकळून प्यावं.

भुईआवळी बांधावर राहू दे, तिच्याशी आपलं वैर नाही. पण उसाला पाणी देताना आपण पाळीचा एक तास चुकू देत नाही. त्याच पाण्यातला एक हंडा तोडकऱ्याच्या कोपीपर्यंत स्वच्छ पोचतो का, हेही बघायला हवं. ऊस गोड आहे तो त्यांच्याच हातांनी कारखान्यात पोचतो.

– एक सभासद