सूर्य मावळला की मुंबई लागायची

भर दुपारी सुई कितीही फिरवली तरी इंदूरच्या रेडिओवर मुंबई केंद्र धड लागत नसे. दिवेलागण झाली की तेच केंद्र हळूहळू उमटू लागे. मध्यम लहरी दिवसा आयनोस्फिअरच्या खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात. मुंबई-इंदूर हवाई अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. राजेंद्रनगरसारख्या वस्त्यांतल्या जुन्या मराठी श्रोत्यांना थरांची नावं ठाऊक नसली, तरी वेळ पक्की ठाऊक होती.

घरचं केंद्रही काही कमी नव्हतं. २२ मे १९५५ रोजी आकाशवाणी इंदूर सुरू झालं. त्याचा पत्ता मालवा हाउस. तिथले नंदाजी आणि भेराजी मालवीत शेतीच्या गप्पा मारत, आणि ज्यांच्या घरात कधी नांगर आला नाही तेही कान देऊन ऐकत. त्यानंतर बातम्या, एखादी वार्ता, मग हिंदी नाटक किंवा रूपक. माहितीपटाला रेडिओवर ‘रूपक’ म्हणतात. निवेदन, मुलाखतीचे तुकडे, प्रत्यक्ष जागेवरचे आवाज आणि थोडं संगीत यांतून ते उभं राहतं. चांगलं रूपक नाटकापेक्षा अवघड असतं, पण कौतुक नेहमी नाटकाचंच होतं.

नाटकाचं गारूड मोठं होतं हे मात्र खरं. आकाशवाणीने १९५६मध्ये नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. महिन्यातून एकदा एकच नाटक वेगवेगळ्या भाषांत, त्या त्या केंद्रांवरून. म्हणजे इंदूरच्या घरात हिंदी प्रयोग ऐकायचा की रात्रीच्या लहरींवर मराठी पकडायचा, असा पेच पडू शकत होता. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला आली आणि ‘हवामहल’ने छोट्या नाटिकांची सवय लावली. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी हे तिघं नुसत्या बोलण्यावर एक अख्खं कुटुंब चालवत. त्यातल्या टेकाडे भावोजींचा चेहरा कसा, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावं.

श्रुतिकेची, म्हणजे रेडिओवरच्या नाटकाची, कारागिरी ऐकणाऱ्याला कळू नये, यातच तिचं यश. नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो, सेलोफेनचा कागद चुरगाळला की आग भडकते. पात्राचं नाव संवादातच गुंफावं लागतं, कारण कोण आत आलं हे दाखवायला रंगमंच नाही. बीबीसीच्या थर्ड प्रोग्रामने १९५४च्या जानेवारीत डिलन थॉमसचं ‘अंडर मिल्क वुड’ असंच केवळ आवाजांवर उभं केलं. लेखक त्याआधी दोन महिने वारला होता. त्याच वाहिनीसाठी सॅम्युअल बेकेटने १९५६मध्ये ‘ऑल दॅट फॉल’ लिहिलं. नभोनाट्य म्हणजे रंगभूमीची धाकटी, गरीब बहीण हा समज या दोन नावांनंतर टिकायला नको होता. आपल्याकडे तो अजून टिकून आहे.

आता मोबाइलवर प्रसार भारतीचं ॲप उघडलं की मुंबई केंद्र भर दुपारी, जराही खरखर न होता ऐकू येतं. सोय मोठीच. पण रेडिओच्या त्या संध्याकाळींत जे होतं ते अनुक्रमात होतं. नाटकासाठी बसलेला माणूस आधी कापसाच्या किडीवरची चर्चा ऐकून जाई, कारण उठून रेडिओ बंद करायचा कंटाळा. निवडून ऐकण्याच्या काळात तो कंटाळा गेला आणि न मागितलेलं कानावर पडणंही गेलं.

ते थोडं परत आणता येईल. इंदुरात ‘सानंद’ ही संस्था मुंबई-पुण्याची मराठी नाटकं आणते. प्रेक्षकांचे समूह आहेत, एकाला संगीतरसिक रामूभैया दातेंचं तर एकाला ‘नई दुनिया’चे एके काळचे संपादक राहुल बारपुते यांचं नाव. असा तयार श्रोतृवर्ग हाताशी असताना वर्षातून एक संध्याकाळ दिवे मंद करून फक्त ऐकण्यासाठी ठेवायला हरकत नाही: एक मालवी गप्पांचा तुकडा, एक हिंदी रूपक, शेवटी मराठी श्रुतिका. सभागृहाचं भाडं सोडलं तर खर्च काय, दोन चांगले स्पीकर आणि आकाशवाणीची परवानगी. यातलं दुसरं मिळवायला अधिक वेळ लागेल.