‘मॅडम, दोन नंबरले जाऊ का?’



पोट साफ होणं हा विषय आपण परिसर अभ्यासात दोन ओळींत उरकतो. पालेभाज्या खा, फळे खा, भरपूर पाणी प्या, म्हणजे पोट साफ राहते. मुलं हे उत्तर पाठ करतात, चाचणीत लिहितात, गुणही मिळतात. आणि त्याच वर्गात दोन-तीन दिवस संडासला न गेलेली काही मुलं पोट धरून बसलेली असतात. ती सांगत नाहीत, आपण विचारत नाही. पालकसभेत कधी विषय निघालाच तर आपण म्हणतो, “भाजी खात नसेल.” भाजीचं म्हणणं खरं आहे, पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं शाळेत घडतं, आणि ते आपल्या हातात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी भाजीचंच बघू. भाजी, फळं, धान्याचा कोंडा आणि डाळींची सालं यांतला जो भाग आपल्याला पचत नाही त्याला पुस्तकात तंतुमय पदार्थ म्हणतात, घरात आपण चोथा म्हणतो. तो पचत नाही म्हणूनच कामाचा. काही चोथा पाणी धरून फुगतो (इसबगोल पाण्यात टाकून मुलांना दाखवा, पाच मिनिटांत कळतं), काही नुसता आकार वाढवतो, काही आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य होतो. एकूण परिणाम एकच, मळ मऊ आणि भरीव होतो आणि आतड्याला तो पुढे ढकलता येतो.

आता आपल्या मुलांच्या ताटातला हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, गव्हाच्या कणकेत ११ च्या आसपास, पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात जेमतेम पावणेतीन. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. बेरीज केली तर चोथा सहा ग्रॅमच्या आसपास भरतो, तोही ताट पूर्ण संपवलं तर. वय अधिक पाच, एवढे ग्रॅम चोथा रोज किमान हवा, असा एक सोपा हिशेब बालरोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. आठ वर्षांच्या मुलाला म्हणजे तेरा ग्रॅम. उरलेले सात घरून यायला पाहिजेत. पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकर खाल्ली तर पाच तिथेच आले. पण सकाळी चहासोबत टोस्ट किंवा बिस्किट, दुपारी खिचडी, संध्याकाळी पाच रुपयांचं पाकीट, रात्री पुन्हा भात, असा ज्याचा दिवस आहे त्याचे ते सात येणार कुठून?

सावनेर, काटोल, कळमेश्वर, नरखेड हा आपला सगळा संत्र्याचा पट्टा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामात आपल्या पोरांना संत्र्याची कमतरता नसते. पण मुलं संत्री खातात कशी ते पाहिलंय का? फोड तोंडात घालायची, रस चोखायचा, पांढरा चोथा थुंकायचा. शाळेच्या मैदानाच्या कडेला त्या थुंकलेल्या फोडी पडलेल्या असतात. पोटाच्या कामाचा बराचसा भाग त्या सालीत आणि पांढऱ्या शिरांमध्येच होता! रस काढून गाळून देणाऱ्या आया तर तो घरीच फेकतात. फोड चावून गिळायची, ही एक गोष्ट वर्गात शिकवायला पैसा लागत नाही. पेरूत तर चोथा संत्र्याच्या कितीतरी पट असतो. आंबाडीची भाजी, चिवळ, पावसाळ्यातला तरोटा, शेवग्याच्या शेंगा, अख्खे चणे हे सगळं आपल्याच शेतशिवारातलं आहे. ‘हेल्दी’ लिहिलेल्या डब्यासाठी नागपूरला जायची गरज नाही.

चोथ्याचं महत्त्व जगाला पटवणाऱ्यांत डेनिस बर्किट हा आयरिश शल्यचिकित्सक होता. त्याने अनेक वर्षं युगांडात काम केलं. १९७२ साली त्याने सहकाऱ्यांसोबत एक निबंध छापला. खाल्लेलं अन्न तोंडापासून बाहेर पडेपर्यंत किती वेळ घेतं, हे त्यात मोजलं होतं. मोजलेल्यांत इंग्लंडमधली निवासी शाळेतली मुलं होती आणि आफ्रिकेतल्या खेड्यांतली शाळकरी मुलंसुद्धा होती. इंग्लंडच्या मुलांना तीन दिवसांच्या आसपास लागले, आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या मुलांना साधारण दीड दिवस. बर्किटने याचं श्रेय भरड अन्नाला दिलं आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एक मुलगा घंटेवर चालणाऱ्या निवासी शाळेतला होता आणि दुसरा मोकळ्या रानातला. हे माझं वाचन आहे, बर्किटचं नाही.

म्हणूनच नुसतं “भाजी खा” म्हणून भागत नाही. २०१४ साली युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून बद्धकोष्ठतेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलं आहे की मुलाच्या आहारात नेहमीइतका चोथा असावा, पण आधीच बद्धकोष्ठ झालेल्या मुलाला जास्तीचा चोथा देऊन बरं करता येतं याला पुरावा नाही. पाण्याचंही तसंच. म्हणजे जो मुलगा संडास दाबून धरतो, त्याला आणखी भाजी खाऊ घालणं म्हणजे मोरीचं तोंड बंद ठेवून वरून पाणी ओतणं.

दाबून धरणं हा खरा मुद्दा आहे. मळ गुदाशयात आला की तिथल्या भिंती ताणल्या जातात आणि मेंदूला निरोप जातो, लागली. त्या वेळी गेलं तर काम झालं. नाही गेलं तर काही वेळाने ती भावना ओसरते. पण मळ तिथेच राहतो आणि मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. दुसऱ्या दिवशी तो कडक होतो. तिसऱ्या दिवशी बाहेर पडताना दुखतं, कधी चीर पडून रक्त येतं. ज्या मुलाला एकदा दुखलं तो पुढच्या वेळी मुद्दाम धरतो. पाय आवळून उभा राहतो, टाचेवर बसतो, घामाघूम होतो. आईला वाटतं जोर लावतोय. खरं तर तो आत दाबत असतो. असं महिनोन्‌महिने चाललं की गुदाशय सैल पडतो, निरोप येणंच कमी होतं आणि कडक गोळ्याच्या बाजूने पातळ मळ नकळत चड्डीत झिरपतो.

इथे शिक्षकांनी जरा थांबून वाचावं. तिसरी-चौथीतल्या मुलाची चड्डी वारंवार खराब होते तेव्हा आपल्याकडे तीन निष्कर्ष काढले जातात: जुलाब झाले, घाणेरडी सवय आहे, किंवा मुद्दाम करतो. बऱ्याचदा ती बद्धकोष्ठता असते. त्याला तो मळ कळतच नाही, त्यामुळे रोखताही येत नाही. अशा मुलाला वर्गासमोर उभं करणं, नाक धरून हसू देणं, “घरी जा, आईला पाठव” म्हणणं याने आजार वाढतो. लाजेने तो आणखी धरतो. मैदानात न खेळणारा, कोणाजवळ न बसणारा, शाळा बुडवणारा मुलगा असा तयार होतो. हजेरीपटावर आपण फक्त गैरहजर लिहितो. फुगलेला गुदाशय मूत्राशयालाही दाबतो, त्यामुळे वारंवार लघवी लागणं, अंथरूण ओलं होणं, मुलींमध्ये लघवीचा संसर्ग, हेही यातून होऊ शकतं.

आता ताणाकडे येऊ. “पोटात गोळा आला” हे आपण उगाच म्हणत नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वॉल्टर कॅनन नव्याने सापडलेल्या क्ष-किरणांनी मांजरीच्या पोटाची हालचाल बघत होता. मांजर चिडली, घाबरली की जठराची हालचाल थांबायची. ती शांत झाली की पुन्हा सुरू. पुढे हेही कळलं की ताणात जठर मंदावतं, पण मोठं आतडं काही जणांत उलट घाईला येतं. म्हणून नवोदय किंवा शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या सकाळी एखादं पोरगं चारदा संडासला पळतं. ते नाटक नसतं. पण रोजची, छोटी, सांगता न येणारी भीती असली तर प्राथमिकच्या मुलांत मला उलटंच जास्त दिसतं. मूल आवळून धरतं. शाळेतल्या संडासाची भीती, दाराला कडी नाही याची भीती, मोठी मुलं दार ढकलतील याची भीती, आणि सगळ्या वर्गासमोर हात वर करून विचारण्याची लाज.

एका आईने मला सांगितलं होतं, “मॅडम, आमचा पोट्टा शाळेतून आला का दप्तर फेकते अन् सिध्धा संडासात पयते.” तिला ते गमतीचं वाटत होतं. विचार केला तर त्या मुलाने सहा तास धरून ठेवलेलं असतं. आपण मोठी माणसं सहा तासांच्या बैठकीत असं बसू का?

शौचालयाचा प्रश्न कागदावर कधीच सुटला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आहेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सगळ्या शाळांत ती बांधायला सांगितली. २०१४ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून पुन्हा एक वर्षाची मुदत जाहीर झाली. खोल्या बऱ्याच ठिकाणी बांधल्या गेल्या. पण खोली असणं आणि मुलाला तिथे जावंसं वाटणं यात अंतर आहे. कुठे टाकीत पाणी चढत नाही, कुठे डबा नाही, कुठे कडी इतकी उंच की पहिलीच्या मुलीचा हात पोचत नाही, आणि कुठे “मुलं घाण करतात” म्हणून कुलूप. सफाईला माणूस नाही, ही शाळांची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. सादिल निधी किती येतो आणि कधी येतो हेही आपल्याला माहीत आहे. तरी कुलूप हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही.

वेळेचंही थोडं बोलू. जेवण पोटात गेलं की मोठ्या आतड्याला हलायचा इशारा मिळतो. सकाळी उठल्यानंतर आणि जेवल्यानंतर तो सगळ्यात जोरात असतो. सकाळी घाईत, चहा ढोसून, ऑटोवाल्याच्या हॉर्नवर पळणाऱ्या मुलाची ती पहिली वेळ जाते. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन परिपत्रकाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले ते झोपेसाठी. पण माझ्या मते त्याचा पोटालाही तितकाच फायदा आहे, आणि ज्या पालकांना ९ ची शाळा गैरसोयीची वाटते त्यांनी ही बाजूही बघावी. दुसरी वेळ शाळेत येते, खिचडी खाल्ल्यावर. नेमकं तेव्हाच आपण ताटं धुवा, रांग करा, वर्गात बसा म्हणतो. जेवणानंतरची पंधरा मिनिटं संडास उघडा, पाण्याने भरलेला आणि न विचारता जाता येईल असा ठेवला तर निम्मं काम होईल.

“न विचारता” म्हटलं की सहकारी म्हणतात, मग पोरं टाइमपास करतील. करतील, दोन-चार करतील. त्यांच्यासाठी बाकीच्यांची परवानगी बांधून ठेवायची का? दाराजवळ खिळ्याला एक पुठ्ठ्याची पट्टी अडकवा. ज्याला जायचं त्याने ती बाकावर ठेवायची आणि जायचं, आल्यावर परत अडकवायची. एका वेळी एकच. वर्गाला विचारायचं नाही, “एक नंबर का दोन नंबर” हेही नाही. केरळात २०१९ साली पाणी प्यायची घंटा गाजली, ती चांगलीच आहे, पण पाणी पाजून संडासला कुलूप ठेवलं तर घंटेचा काय उपयोग?

घरच्यांसाठी दोन गोष्टी. एक, चूर्ण, एरंडेल, साबणाची वडी, विड्याच्या पानाचं देठ हे उपाय स्वतःच्या मनाने वारंवार करू नका. गुदद्वाराशी केलेली जबरदस्ती मुलाची भीती वाढवते. आठवड्यात दोनदा किंवा त्याहून कमी वेळा होत असेल, दुखत असेल, चड्डी खराब होत असेल तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. मळ मऊ ठेवणारं औषध बऱ्याचदा काही महिने घ्यावं लागतं, आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करू नका. वजन घटणं, पोट फुगून उलट्या, ताप, मळात बरंच रक्त, किंवा जन्मापासूनच त्रास असेल तर थांबूच नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, तेव्हा शिक्षकांनी अशा मुलांची नावं आधीच बाजूला, गुपचूप सांगून ठेवावी. दोन, रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं मुलाला निवांत बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, गुडघे वर आले की सोपं जातं. झालं नाही तर रागावू नका, झालं तर बक्षीसही नको, नुसतं “बरं” म्हणा.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मी तीन ओळी लिहून दिल्या आहेत: संडासच्या दाराला आतून, पहिलीच्या मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर कडी, आत एक डबा आणि साबण, जेवणाच्या सुट्टीत कुलूप नाही. कडीचा खर्च मी स्टेशनरीच्या बिलाशेजारी लिहिला आहे. तो त्याहून कमी निघाला.