नाव न सांगता लावलेली वेल

आमच्या खुटबावच्या घरी न्हाणीच्या भिंतीवर एक वेल आहे. माझ्या सासऱ्यांनी, मरहूम अब्बांनी, पुण्याहून येताना तिची फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीतून आणली आणि पहिल्या पावसात लावली. त्याच हिवाळ्यात ते गेले. वेल कशाची, हे विचारायचे कुणालाच सुचले नव्हते.

वेल पत्र्यापर्यंत चढली, पण फूल एक नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत घराची साफसफाई निघाली की आमचे हे ती गुडघ्याएवढी छाटून टाकत. पाच वर्षे असेच चालले. मग अम्मी म्हणू लागल्या, "वांझ आहे, उपटून टाका. त्या जागी दोडका तरी लावू." तो शब्द मला घरात नको होता, वेलीसाठीसुद्धा. आणि अब्बांनी लावलेली शेवटची गोष्ट दोडक्यासाठी उपटायची?

मोबाईलला पानाचा फोटो दाखवला तर त्याने दोन दिवसांत तीन नावे सांगितली. दोष मोबाईलचा नव्हता, मी एकट्या पानाचा फोटो देत होते. पान नुसते पाहून चालत नाही, ते फांदीवर कसे बसले आहे ते पाहावे लागते. जाई आणि जुईचेच घ्या. जाईच्या एका देठावर पाच, सात, नऊ लहान पाने असतात आणि कळी बाहेरून गुलाबीसर असते. जुईचे मधले पान मोठे आणि त्याच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन चिमुकली पाने, कधी तीही नसतात. मोगऱ्याचे पान एकेकटे. आपल्या घरांत आणखी एक घोटाळा होतो. मुले मराठीच्या तासाला जाई वाचतात आणि उर्दूच्या तासाला चमेली, आणि दोन वेगळी झाडे समजतात. झाड एकच आहे. रातराणीला मात्र वासावरून जाई-जुईच्या घरात बसवू नका. ती वांग्या-मिरचीच्या कुळातली, आणि तिची फळे विषारी असतात.

माझ्या वेलीचे पान नीट पाहिले तेव्हा खूण सापडली. एका देठावर दोन पाने, आणि तिसऱ्या पानाच्या जागी तणावा, त्याच्या टोकाला तीन फाटे. ती फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवली आणि तारीख लिहून वहीत चिकटवली. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातही नमुने असेच दाबून, वाळवून जपतात. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून तो तेव्हाच लिहून ठेवायचा. माझ्याकडे लिहायला फूलच नव्हते.

गेल्या वर्षी जानेवारीअखेर मुलींना घेऊन एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहायला गेले. परतताना एका बंगल्याच्या कुंपणावर नारिंगी फुलांचे घोसच्या घोस लोंबत होते. जवळ जाऊन आधी पान पाहिले. दोन पाने, मध्ये तीन फाट्यांचा तणावा! माळीबाबा म्हणाले, "संक्रांतवेल आहे, ताई. संक्रांतीला फुलते म्हणून." मूळची ब्राझीलकडची, पण नाव आपल्या पंचांगातले.

मग सगळा उलगडा झाला. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांशी हिच्या कळ्या येतात, आणि आम्ही नेमकी दिवाळीत ती टोके छाटत होतो. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावे लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची फळासाठी, हे तो कधी विसरत नाही. घरच्या वेलींना मात्र आपण हात रिकामा असेल तेव्हा कात्री लावतो.

संक्रांतवेलीचा बहार ओसरला, म्हणजे साधारण फेब्रुवारीअखेर, की मुख्य खोड ठेवून फुलून गेलेल्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर छाटा. डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप. पावसाळा सुरू झाला की पुन्हा हात लावू नका. मोगरा, जाई आणि जुई यांची गोष्ट उलटी. त्यांना छाटणीनंतरच्या नव्या फुटीवर फूल येते, म्हणून मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई डिसेंबरअखेर आणि जुई जानेवारीअखेर छाटतात. फुलशेतीत हे वेल दीड फुटावर आणतात. घरी मांडवावर चढवले असतील तर इतके कठोर व्हायचे कारण नाही. मधुमालती आणि बोगनवेलही नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे बहार संपल्यावर बिनधास्त छाटा. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी आणि लाल होत जाते. त्यामुळे एका घोसात तीन रंग दिसले तर तीन वेली गुंतल्यात असे समजून एकीला उपटू नका.

अनोळखी वेल छाटताना हातमोजे घाला आणि लहान मुलांना दूर ठेवा. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव अंगभर आग करते. गुंजेचे लाल-काळे बी आणि कळलावीचा कंद जहरी असतात, आणि गुंजा मण्यांसारख्या दिसतात म्हणून मुले हमखास वेचतात.

यंदा दिवाळीला मी कात्री धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवली. घरात कुरबुर झाली, पण वेल वाचली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात न्हाणीची भिंत आणि पत्रा नारिंगी झाला. अम्मी खुर्ची घेऊन तिथेच ऊन खात बसायच्या. कोणी आले की, "आमच्या यांनी लावलेली" म्हणून सांगायच्या. वहीतल्या त्या फांदीखाली मी रंग लिहिला. फेब्रुवारी संपताना छाटणीसाठी कात्री काढली, तर अम्मी म्हणाल्या, "थांब जरा, अजून चार घोस आहेत." मी आठवडाभर थांबले.