खोडलेला काना

गेल्या वर्षी पीएच.डी.चा प्रबंध सादर करायला आलेली एक विद्यार्थिनी माझ्या टेबलाशी बराच वेळ घुटमळत होती. हातात प्रतिज्ञापत्राचा छापील नमुना. ‘मी असे जाहीर करतो की, प्रस्तुत प्रबंध हे माझे स्वतंत्र संशोधन आहे.’ तिने विचारलं, “मॅडम, ‘करतो’मधला काना खोडला तर चालेल का?”

काना खोडला की ‘करतो’चं ‘करते’ होतं. एका रेघेचं काम. पण त्याच कागदाच्या तळाशी सूचना होती : खाडाखोड असलेले अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. पाच वर्षं ही मुलगी उसाच्या फडांवर फिरून तोडणीला आलेल्या बायकांची बोली टिपत होती. त्या कामाखाली सही करताना तिला एक तर पुरुष व्हायचं होतं, नाही तर नियम मोडायचा होता. मी तिला काना खोडायला लावला आणि शेजारी माझी छोटी सही केली. प्रबंध स्वीकारला गेला. तो खोडलेला काना मात्र माझ्या मनातून जात नाही.

मी सव्वीस वर्षं मराठी शिकवते आहे. हा विषय स्टाफरूममध्ये निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “अहो, विद्यार्थी म्हटलं की त्यात मुली आल्याच.” म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, त्यात माझ्या मैत्रिणीही आहेत. पण मराठीपुरतं तरी हे खरं नाही. इंग्रजी नमुन्यात ‘आय डिक्लेअर’ असतं आणि त्याखाली कुणीही सही करावी. मराठी क्रियापद मात्र बोलणाऱ्याला थेट विचारतं, तू बाई की पुरुष? या प्रश्नाचं उत्तर आमच्या छापील कागदाने सगळ्यांच्या वतीने आधीच देऊन टाकलेलं असतं.

मी मूळची कोल्हापूरकडची. आमच्याकडे मुली आपसात बिनदिक्कत ‘मी आलो’, ‘जेवलो’, ‘जातो आता’ असं बोलतात. पुण्यात शिकायला आले तेव्हा वसतिगृहाच्या पहिल्याच रात्री माझ्या ‘मी आलो’वर खोलीभर हशा पिकला. पुढे तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी मला थांबवून ‘आले’ म्हणायला लावलं. मी ते शिकले आणि आता माझ्या तोंडात तेच बसलं आहे. पण म्हणूनच मला विचारावंसं वाटतं की, पुल्लिंगात जर बाई खरोखरच येत असेल, तर मी ‘आलो’ म्हणाले तेव्हा मला का दुरुस्त केलं? बाईने आपल्या मर्जीने, आपल्या बोलीत ‘आलो’ म्हटलं तर ती चूक ठरते आणि कागदावर तिच्याकडून ‘करतो’ वदवून घेतलं तर तो नियम ठरतो. मुद्दा प्रत्ययाचा नाही. तो कोण ठरवतं, याचा आहे.

कुठल्याही महाविद्यालयाच्या सूचनाफलकासमोर पाच मिनिटं उभं राहून पाहावं. शिष्यवृत्तीची सूचना ‘विद्यार्थ्याने’ या शब्दाने सुरू होते. संशोधन प्रकल्पाची, निवडणुकीचीही तशीच. मात्र वसतिगृहात परतण्याची वेळ, पोशाख, सहलीला जाताना पालकांचं संमतिपत्र यांच्या सूचना ‘विद्यार्थिनींनी’ असं म्हणून सुरू झालेल्या मी वर्षानुवर्षं वाचल्या आहेत. संधी सांगताना ज्या मुली ‘विद्यार्थी’ या शब्दात सामावतात, त्या बंधन सांगताना बरोबर वेगळ्या काढल्या जातात. अर्जातल्या नावाच्या रकान्यातही तेच. पुरुषाला ‘श्री.’ ही एकच चौकट, बाईला ‘कु.’, ‘सौ.’, ‘श्रीमती’ अशा तीन. माझी एक घटस्फोटित सहकारी दर वर्षी या तीन चौकटींपाशी थबकते. विज्ञानाच्या एका कार्यशाळेत नाव नोंदवताना तिचं लग्न टिकलं की नाही, हे विद्यापीठाला कशाला हवं आहे?

“आधी मुलींची सुरक्षितता बघा, शब्दांचं नंतर,” असंही मला सांगितलं जातं. मी काही वर्षं अंतर्गत तक्रार समितीवर काम केलं आहे. तिथे समोर येतात ते शब्दच. जिन्यात वाट अडवून अंगाला हात लावला, तरी तक्रारीत मुली ‘छेड काढली’ असं लिहितात, कारण दुसरा शब्द त्यांना कुणी दिलेलाच नसतो. मग चौकशीत मोठी माणसं म्हणतात, छेडच काढली ना, या वयात चालायचंच. शब्द हलका निघाला की गुन्हाही हलका होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या साचेबद्ध भाषेवर न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढली. तिच्यात ‘ईव्ह टीझिंग’ हा शब्द बाजूला काढून रस्त्यावरचा लैंगिक छळ असं स्पष्ट म्हणायला सांगितलं आहे. देशाचं सर्वोच्च न्यायालय आपली भाषा तपासतं, तर भाषा शिकवणाऱ्या आम्हा लोकांना ते काम क्षुल्लक कसं वाटावं?

हंसा मेहतांचं नाव मी दर वर्षी वर्गात घेते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. त्यात बायका येतातच, असं म्हणणारे तेव्हाही होते. भारताच्या प्रतिनिधी म्हणून हंसाबाईंनी आग्रह धरला आणि तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं. १० डिसेंबर १९४८ रोजी जगाने जो जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या पहिल्याच कलमात एका भारतीय बाईचा हा आग्रह आहे. पुढच्याच वर्षी त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. म्हणजे विद्यापीठ आणि भाषा यांचा हा प्रश्न आपल्या दाराशी आजचा आलेला नाही. २०२५ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने हिंदीतला ‘कुलपति’ सोडून ‘कुलगुरु’ स्वीकारला, तेव्हा स्त्री-पुरुष दोघांना लागू पडणारा शब्द हवा, हेच कारण दिलं गेलं. महाराष्ट्रात आपण कुलगुरूच म्हणत आलो आहोत. कुलगुरूंच्या खुर्चीसाठी आपल्याकडे योग्य शब्द आहे. उणीव आहे ती खिडकीशी मिळणाऱ्या अर्जात.

“पण यातून मराठी विद्रूप होईल,” ही हरकत मला महत्त्वाची वाटते, कारण भाषेवर माझंही प्रेम आहे. ‘विद्यार्थ्याने/विद्यार्थिनीने त्याच्या/तिच्या’ अशी तिरक्या रेघांची वाक्यं मलाही वाचवत नाहीत. त्यातून वाट दाखवली ती माझ्या एम.ए.च्या वर्गातल्या एका व्यक्तीने. त्या व्यक्तीच्या बोलण्यात काहीतरी वेगळं आहे, हे लक्षात यायला मला अर्धं सत्र लागलं. “मला उशीर झाला.” “माझं वाचून झालंय.” “मी निबंध लिहिलाय.” “उद्या आणून देईन.” स्वतःला बाई किंवा पुरुष ठरवणारं एकही क्रियापद त्या तोंडून कधी निघालं नाही. आपलं लिंग आपण ओळखावं आणि सांगावं, हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्येच मान्य केला आहे. तो हक्क सांभाळत कुणीतरी माझ्यासमोर रोज अस्सल, वळणदार मराठी बोलत होतं आणि व्याकरण शिकवणाऱ्या मला ते ऐकूनच कळलं की, मराठीत ही सोय आधीपासून आहे.

शाळेत शिकलेले प्रयोग आठवून पाहा. कर्मणीत क्रियापद कर्माकडे पाहतं : मी प्रबंध लिहिला, मी कादंबरी वाचली. लिहिणारी बाई आहे की पुरुष, हे वाक्य विचारतच नाही. भावे प्रयोगात ते कुणाकडेच पाहत नाही : सर्वांनी वेळेवर यावे. ‘मुलं आली’, ‘माणसं जमली’ म्हणताना नपुंसकलिंगाचं अनेकवचन सगळ्यांना पोटाशी घेतं. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि ‘ती व्यक्ती’ म्हटल्याने आजवर कुणा पुरुषाला उणेपणा आल्याचं मी ऐकलेलं नाही. परका प्रत्यय आणायला नको की नवा शब्द घडवायला नको. फक्त लिहिणाऱ्याने क्षणभर थांबून, हा कागद कुणाकुणाच्या हाती जाणार आहे, एवढं मनात आणायला हवं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. विद्यापीठांनी आपले छापील नमुने एकदा काढून वाचावेत. नावाआधीच्या ‘कु.’ आणि ‘सौ.’च्या चौकटी काढून टाकाव्यात. संधीची सूचना ज्या शब्दाने सुरू होते, त्याच शब्दाने शिस्तीची सूचनाही सुरू व्हावी. छळाला छळ म्हणावं. यासाठी ना निधी लागतो, ना कायदा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्राने केला आहे. ही मुलं २०४२ च्या सुमारास महाविद्यालयात येतील. आईचं नाव घेऊन आलेल्या त्या मुलीपुढे आपण पुन्हा ‘करतो’च ठेवणार आहोत का?

प्रतिज्ञापत्राचा सुधारलेला नमुना मी कार्यालयात दिला आहे. ‘मी असे जाहीर करीत आहे की...’ बदल एवढाच. ‘करीत आहे’ बाईलाही चालतं, पुरुषालाही आणि या दोन्हींत स्वतःला न मोजणाऱ्या माझ्या वर्गातल्या त्या व्यक्तीलाही. जुन्या नमुन्याचा गठ्ठा अजून संपलेला नाही. तो संपेपर्यंत कुणालाही काना खोडावासा वाटला तर माझ्या टेबलाशी यावं. शेजारी सही करायला मी आहे.