हडपसरची लढाई : सूडकथेत न मावणारा इतिहास

२५ ऑक्टोबर १८०२. ऐन दिवाळीत हडपसर ते वानवडी या पट्ट्यात तोफा धडाडल्या आणि दिवस मावळण्याआधी दुसरे बाजीराव सिंहगडाच्या वाटेला लागले. गाडीतळावर आज उतरणाऱ्याला त्या रणभूमीचा मागमूस लागत नाही. शहरे वाढतात, त्याला इलाज नाही. खटकते ते वेगळेच. मराठीतील लोकप्रिय इतिहासकथनाने ही लढाई एका सूडकथेत कोंबून टाकली आहे.

ती कथा सर्वांना पाठ आहे. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले गेले, बंधू यशवंतराव पुण्यावर चालून आले, पेशवे पळाले, वसईला स्वातंत्र्य गहाण पडले. घटना खऱ्या आहेत, पण त्यांना जोडणारा धागा अपुरा आहे. १७९७ मध्ये शिंद्यांच्या हल्ल्यात मल्हारराव होळकर पुण्यातच मारले गेले आणि त्यांचा बालपुत्र खंडेराव शिंद्यांच्या कैदेत पडला. त्याची सुटका व्हावी, होळकरांची दौलत मान्य व्हावी, ही यशवंतरावांची ठाम मागणी होती. क्रोध होताच, पण भांडण वारशाचे, म्हणजेच महसुलाचे होते.

लढाई हडपसरलाच का, हा प्रश्न तर कथेत उमटतच नाही. यशवंतराव जेजुरीच्या बाजूने घाट उतरून आले आणि लोणी-हडपसर दरम्यान त्यांनी तळ दिला. पुण्याच्या पूर्वेला जमीन मोकळी. घोडदळाला दौड आणि तोफांना पल्ला देणारी. नकाशा समोर न ठेवता लिहिलेली लढाई ही केवळ संवादांची जुगलबंदी ठरते.

सर्वांत मोठी वगळणूक कवायती फौजेची. दौलतराव शिंदे स्वतः रणात नव्हतेच. त्यांच्या पलटणींचा अधिकारी होता डॉज. होळकरांकडे व्हिकर्स आणि हार्डिंग. डॉज आणि हार्डिंग दोघेही त्या दिवशी पडले. दोन्ही मराठी सरदारांच्या पायदळाची कवायत युरोपीय आणि अधिकारी पगारी! या पलटणींना रोख पगार लागे, तो थकला की शिस्त ढळे. म्हणून विजयानंतर पुण्याच्या सावकारांवर होळकरांची सक्तीची वसुली आली. ‘लूट’ हा एकच शब्द वापरून कथाकार पुढे सरकतात. लुटीमागचा जमाखर्च मात्र अधिक भयंकर आहे.

आणि मधले दोन महिने? बाजीरावांनी परतावे म्हणून यशवंतराव निरोप धाडत होते, इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोजलाही मध्यस्थीची गळ घालत होते. वसईचा तह झाला ३१ डिसेंबरला : कंपनीची किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख. हडपसरहून वसईला जाणारी वाट अटळ नव्हती. सूडकथा ती अटळ करून ठेवते, आणि वाचक निवांत होतो.

ना. सं. इनामदारांच्या ‘झुंज’ने यशवंतरावांना घराघरांत पोहोचवले, हे ऋण मोठेच. कादंबरीला नायक हवा असतो, तो तिचा हक्क आहे. पण ‘सत्य इतिहास’ म्हणून मिरवणाऱ्या पुस्तकांनी आणि ध्वनिफितींनी तीच सवलत का घ्यावी? त्यांनी निदान व्हिकर्सचा शेवट तरी सांगावा. हडपसर जिंकून देणाऱ्या या अधिकाऱ्याने १८०४ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढण्यास नकार दिला, आणि यशवंतरावांनी त्याचा शिरच्छेद करविला.