‘निरंक’ अहवालाचा अर्थ

आमच्या रायपूरच्या चौबे कॉलोनीतील पालक प्रवेशापूर्वी शुल्क, निकाल, नोकऱ्यांची चौकशी करतात. महाविद्यालयातील सुरक्षिततेचे आकडे मात्र त्यांच्यासमोर क्वचितच येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारी व त्यांचा निपटारा दरवर्षी आयोगाला कळवावा लागतो. अमेरिकेच्या १९९०च्या क्लेरी कायद्याने परिसरातील गुन्ह्यांची आकडेवारी जनतेसमोर ठेवणेच बंधनकारक केले.

प्रशासनात मी ‘निरंक’ अहवाल पुष्कळ वाचले. तक्रार नसणे आणि तक्रारीला वाट नसणे, हा भेद त्या शब्दात दिसत नाही. गोवा विद्यापीठाशी संबंधित खटल्यात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही अंमलबजावणीतील गंभीर त्रुटी नोंदवल्या. हे आकडे प्रवेशपुस्तिकेत छापावेत. आणि जाब नोंद करणाऱ्या महाविद्यालयाला नव्हे, वर्षानुवर्षे ‘निरंक’ लिहिणाऱ्याला विचारावा.